शालूचं लग्न आणि बैलाच्या पोटातलं पाणी

नाही हो, आमचे हे कॉम्प्युटरवाले नव्हते.

बैलाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचे. त्याचाच पगार मिळायचा.

अमेरिकेत, आमच्या एडिसनच्या प्रत्येक पार्टीत कुणीतरी विचारायचंच, "सॉफ्टवेअर का?"
मी म्हणायची, "हार्डवेअर. शेपटीसकट."

बीफसाठी पाळलेले बैल. गावी सासूबाईंना मी "दुधाचं काहीतरी आहे" असं सांगून ठेवलेलं.

बैल अंगानं भरावा म्हणून खाद्यात अमिनो अ‍ॅसिड घालायचं. पण ते बैलाच्या अंगी लागायच्या आधी त्याच्या पोटातले जंतूच फस्त करतात. किती करतात, ते हे मोजायचे.

"म्हणजे सुनेला वाढलेलं नणंदांनी खाल्लं," मी म्हणलं.
"करेक्ट! म्हणून मी त्याला कोटिंग करतोय. नणंदांना पत्ता लागू नये."

गावच्या शाळेत शिकलेल्या बायकोला एवढं नीट कोण समजावतं?

२००४ चा जानेवारी. माझ्या धाकट्या बहिणीचं, शालूचं लग्न पंधरा दिवसांवर.

फार्मवर बैलाच्या कुशीला मुद्दाम पाडलेल्या भोकातून पोटातलं पाणी काढून फ्लास्कमध्ये भरलं आणि लॅबला निघालो. वाटेत ओक ट्री रोडवर थांबलो, इंडियाची तिकिटं घ्यायला.

फ्लास्क माझ्या मांडीवर ठेवला.
"सांभाळ हं. गार पडलं, हवा लागली, की जंतू मरतात."
"मला कधी एवढं जपलंत का?"
"तू हवेत जगतेस ना, बाई!"

आणि गेले एजंटकडे.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून आले ते तोंड पाडून. जंतू मेले होते. ट्रायलची पहिलीच बॅच वाया.

"माझीच चूक. झाकण नीट लावलं नसणार मी."

प्रोफेसर म्हणाले, सगळं परत करा, लगेच. नाहीतर नोकरीचं बघावं लागेल.

तिकिटं कॅन्सल केली. "तू एकटी जा," म्हणाले. पण मला ना इंग्रजी, ना धीर.

शालूचं लग्न मी सीडीवर बघितलं.

तेव्हापासून ह्यांचं सॉरी सुरू.
भांडी घासताना सॉरी. बर्फ काढताना सॉरी.

मी पण सोडते की काय! जरा रुसून नुसतं "शालूचं लग्न..." म्हणलं, की चहा हातात.

मागच्या वर्षी, २००७ ला, हॉस्पिटलमध्ये, शेवटच्या आठवड्यात, माझा हात धरून परत तेच.
"तुझ्या बहिणीचं लग्न बुडवलं गं मी."

"राहू द्या हो आता," मी म्हणलं.

तेवढंच म्हणलं.

आज वर्ष झालं.

अहो, जिथं असाल तिथं सुखात राहा. हात जोडते. पण एवढं ऐकून घ्या.

झाकण तुम्ही घट्टच लावलं होतं.

तुमचा जीव एवढा कशात अडकलाय ते बघायला मी ते उघडलं. तुम्ही तिकिटं घेऊन येईपर्यंत, त्या थंडीत, उघडंच होतं.

आणि त्याचं सॉरी तीन वर्षं तुमच्याकडूनच घेतलं.