एका ‘के’ची चौकशी

तमाम नाशिककरांना, आणि ज्यांच्या घरी लग्नाचं माणूस आहे त्यांना विशेषकरून, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की गेल्या हिवाळ्यात आमच्या कुटुंबाने इंग्रजी वर्णमालेतलं ‘के’ हे अक्षर संशयावरून ताब्यात घेतलं होतं. आरोप किरकोळ नव्हता. माझ्या भाचीचं लग्न मोडल्याचा होता.

माझी थोरली बहीण गंगापूर रोडला राहते आणि मी तिच्या मागच्याच गल्लीत, म्हणजे तिच्याकडे काहीही शिजलं की वास मला आधी येतो. तिच्या मुलीला दिंडोरीकडचं एक स्थळ आलं. मुलगा शिकलेला, पण नोकरी न धरता घरच्या द्राक्षबागेत रमलेला. आमची ही भाची पोह्यांच्या बशा उचलायच्या आत मुलांना नापास करणारी. पण हा मुलगा बघून गेला आणि ती गच्चीवर जाऊन एकटीच गाणं गुणगुणत बसली. मी जिन्यात उभं राहून ऐकलं. मामा दुसऱ्या कशासाठी असतो?

भाऊजी निवृत्त मुख्याध्यापक. होकार कळवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. अख्खी दुपार खपून त्यांनी मुलाच्या वडिलांसाठी व्हॉट्सअॅपवर मजकूर रचला आणि पाठवण्यापूर्वी आम्हाला उभं राहून वाचून दाखवला. त्यात आपलं सुसंस्कृत कुटुंब होतं, आपला अकृत्रिम जिव्हाळा होता, चिरंजीवांची विनम्रता होती, ईश्वरेच्छा होती आणि सगळ्यात शेवटी, कुठेतरी तळाला, आम्हाला स्थळ पसंत आहे हेही होतं.

संध्याकाळी उत्तर आलं. नुसतं ‘K’.

ताईने मोबाईल वरखाली करून पाहिला. उरलेला मजकूर खाली सांडला असेल अशी तिला आशा असावी.

“के म्हणजे काय?”

“के म्हणजे ओके,” मी म्हणालो.

“मग ओ कुठे गेला?” भाऊजींनी विचारलं. जन्मभर पोरांचे पेपर तपासलेला माणूस, गाळलेलं अक्षर असं सोडणार थोडंच!

भाचीचा धाकटा भाऊ सोफ्यावर आडवा पडून हे ऐकत होता. तो म्हणाला, “पप्पा, के हा सगळ्यात तुसडा रिप्लाय असतो. समोरच्याशी बोलायचा कंटाळा आला की के.”

“तुला कोणी विचारलं?” भाची म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता.

“मला कळलं!” ताई एकदम ताडकन उठली. “यांच्या पुतण्याचा पगार कसा सांगतात? ऐंशी के, नव्वद के. के म्हणजे हजार! आकडा मुद्दाम लिहिला नाही मेल्यांनी. आपल्या तोंडून काढून घ्यायचाय. हुंडा मागतायत, हुंडा!”

“माझ्या रक्ताच्या रिपोर्टात के म्हणजे पोटॅशियम होतं,” भाऊजी खिन्नपणे म्हणाले. “ते वाढलं तेव्हा नारळपाणी बंद झालं. के काही चांगली बातमी आणत नाही.”

मीही मागे राहणाऱ्यांतला नाही. “पत्त्यांत के म्हणजे राजा,” मी आवाज खाली आणून म्हणालो. “मुलाचा बाप आपल्याला सुचवतोय, आम्ही राजे आहोत, तुम्ही दुर्री-तिर्री.”

मी गंमत केली होती, पण ताईला ते शंभर टक्के पटलं. मग सगळंच संशयास्पद दिसायला लागलं. मुलाच्या आईने पोहे अर्धेच का खाल्ले होते? वडील निघताना आमच्या पार्किंगकडे इतका वेळ का बघत होते?

“तूच फोन करून विचार ना त्याला,” मी भाचीला हळूच सुचवलं.

“त्यांच्या घरून नीट उत्तर येईपर्यंत मी फोन करणार नाही,” ती म्हणाली आणि खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी गच्चीवर गाणं नव्हतं. भाऊजींनी जाहीर केलं, रविवारपर्यंत वाट बघू, नंतर हे स्थळ बंद.

म्हणून रविवारी सकाळी मी द्राक्षं घ्यायच्या निमित्ताने दिंडोरीला गेलो. हेरगिरीच म्हणा. बागेला लागूनच त्यांचं घर. ओसरीवर खतांच्या गोण्या रचलेल्या आणि प्रत्येक गोणीवर एन, पी आणि ठळक के! मी थबकलो. पोटॅशची ऑर्डर चुकून आमच्याकडे तर आली नव्हती?

पण खरा धक्का पुढेच होता. मुलाची आई ठेवणीतलं लुगडं नेसून, गजरा माळून तयार. वडील जीप पुसतायत. आणि मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीच्या पायरीवर बसलेला. चेहरा असा, जणू दात काढायला नेतायत.

“कुठे निघालात?” मी विचारलं.

“निफाडला,” वडील फडकं झटकत म्हणाले. “मुलगी बघायला.”

माझं सोंग तिथेच गळून पडलं. “अहो, आणि आमचं काय? आम्ही एवढा निरोप पाठवला!”

“मिळाला ना. के टाकलं की आम्ही.” ते जराही रागावले नव्हते, हे मला जास्त लागलं. “पाव्हणे, वाईट वाटून घेऊ नका. आम्हाला आता सवय झालीय. बागेत उभ्या उभ्या वरच्या चार ओळी वाचल्या तेव्हाच समजलं. सुसंस्कृत काय, जिव्हाळा काय! शेतकरी नवरा नको म्हणायचं असलं ना, की लोक आधी आमची आरती करतात. आत्तापर्यंत जेवढे नकार आले ते असेच, लय गोड आणि लय लांब. पुढचं वाचलंच नाय.”

मी खिशातून मोबाईल काढला, भाऊजींनी कौतुकाने मलाही पाठवलेला तो मजकूर शोधला आणि त्यातली ईश्वरेच्छा वगैरे ओलांडून शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं.

वडिलांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्यांनी स्वतःचा मोबाईल काढला, चष्मा लावला आणि ओठ हलवत तळापर्यंत वाचत गेले. मुलाची आई जवळच्या खताच्या गोणीवर मटकन बसली, ठेवणीतल्या लुगड्यासकट. मला वाटलं, आता आनंदाने बापलेक गळ्यात पडतील.

तर मुलगा पायरीवरून उडी मारून उठला, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्याने ओरडला, “आई, म्हणजे ते निफाडचे पोहे आता मला नाय ना खावे लागणार?”