पेशी आतून झुंजत होत्या

"यांना एन्सेफलायटिस झालाय," पुण्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे विषाणूमुळे मेंदूला आलेली सूज. मी मान हलवली, पण कळलं एवढंच, की दुखणं मेंदूपर्यंत गेलंय.

आमचे मालक, म्हणजे पोरींचे अप्पा, आळेफाट्याला पाण्याच्या मोटारी भरायचे, म्हणजे जळालेल्या मोटारीला नवी तार गुंडाळायचे. आधी नुसता ताप होता. मग जेवताना भाकरीकडे बोट करून म्हणाले, "तो पाना दे." आम्ही हसलो. संध्याकाळी त्यांना फिटचा झटका आला, तसं पुण्याला हलवलं.

पुण्यात सीटी स्कॅन झाला. लंबर पंक्चर केलं, म्हणजे मणक्यातून सुईने पाणी काढलं. ओठांवर फोड आणणारा हर्पिसचा विषाणूच असावा, असं निघालं. असायक्लोव्हिर नावाचं औषध सलाइनमधून सुरू झालं.

मला वॉर्डबाहेरच्या बाकावर बसवेना आणि दारापासून लांबही जाववेना. ते डोळे उघडत नव्हते. दीर म्हणाले, "वयनी, हितं नुसतं निजवून ठिवलंय. भाऊला घरी नेऊ. आपल्याकडं जाणता माणूस हाय, बाहेरची बाधा असंल तर बघंल."

मी डॉक्टरबाईंना गाठलं. "औषध लागू पडतंय का नाय?"

"औषध विषाणूची वाढ अडवतंय. पण मेंदूच्या पेशीही गप्प नाहीत. इतर ठिकाणची पेशी बिघडली तर शरीर ती मारून टाकतं, नवी तयार होते. मेंदूतली पेशी गेली की सहसा परत येत नाही. म्हणून ती मरण्याऐवजी आतल्या आत विषाणूला अडवू बघते. तिच्यातून सुटलेलं इंटरफेरॉन नावाचं द्रव्य शेजारच्या पेशींना सावध करतं. काही ठिकाणी त्या हरतातही."

"मग किती दिवस?"

"ते मलाही सांगता येणार नाही."

मी दिरांना म्हटलं, "भावजी, त्यांच्या डोक्यात झुंज चाललीय. मधनंच उठवून न्यायचं नाय." ते चिडले. पण गेले नाहीत.

काही दिवसांनी मालकांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, पाणी." मी पाणी पाजलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकले.

घरी आल्यावर त्यांनी मोटार बिनचूक भरली. लोक म्हणाले, "लई झ्याक, बरं झालं राव." पण पोरींची नावं त्यांच्या डोक्यातून गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा विषाणू आठवणींच्या जागी घाव घालतो. हातातली कला मेंदूत दुसरीकडे असते.

तापात माणूस भलतंच बोलू लागला, तर हसू नका, थांबू नका. त्याला लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. पेशी झुंजतात, पण त्यांना औषधाची साथ वेळेत मिळायला हवी.

धाकटी सुरेखा रोज सकाळी त्यांच्यापुढे उभी राहायची. "अप्पा, मी सुरेखा." ते नुसते बघायचे. असे कितीतरी महिने गेले. एकदा मात्र ते वैतागले. "ठावं हाय मला, सुरे. सारखं काय सांगती गं?"

ती ओरडतच चुलीपाशी आली. बाप रागावला म्हणून एवढी हरखलेली पोर मी कधी पाहिली नव्हती.