मथुताईंचं काज

मैत्रिणींनो, आपली ही फिरती वही आज माझ्याकडे आली आहे. दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लगेच लिहिते.

पंचवटीतल्या आमच्या शिवणवर्गाला कायमची शिक्षिका नेमायची होती आणि निवड कमिटीने माझ्यावर सोपवली होती. अर्ज दोनच आले. मथुताई एकवीस वर्षं तिथेच हंगामी म्हणून शिकवत आहेत. दुसरी शांता, त्याच वर्गातून दोन वर्षांपूर्वी शिकून गेलेली.

वशिला नको म्हणून मी दोघींकडून सदऱ्याची काजं करून घेतली आणि नावं झाकून तपासली. कापड उलटवून पाहिलं. एकीचे टाके मागूनही सारखे होते, दुसरीचे वाकडे. सारखे टाके निवडले, झाकलेलं नाव उघडलं आणि निवडीचं पत्र तिथल्या तिथे कमिटीकडे धाडलं.

वाकडी काजं मथुताईंची निघाली.

"डोळे गेले हो, बाई," त्या हसून म्हणाल्या. "पण ती दुसरी बघितलीत ना? मागची बाजू आधी तपासायची, हे मीच शिकवलं तिला. चार-चारदा उसवायला लावलं की रडायची कार्टी."

शांता आत्ताही रडत होती.

"मग उद्यापासून मी किती वाजता यायचं नाही?" मथुताईंनी विचारलं.

वर्षं मोजू नका, काम बघा, असं मी आयुष्यभर सांगत आले. आज काम बघितलं ते शिवण्याचं. जागा शिकवण्याची होती.

पत्र परत मागवलं तर शांताचा काय दोष? खाली लिहा. मला खरंच कळत नाही.