बोलावण्याचं ॲप

रायपूर स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आई रडली नाही. खिडकीशी चालत चालत तिनं भलतीच काळजी बोलून दाखवली, "तू चालली पुण्याले, आता संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं कोण करीन वं?" तिचे गुडघे कधीचे दुखणारे. चौबे कॉलोनीतल्या मराठी घरांत करंडा घेऊन फिरायचं काम लहानपणापासून माझंच. मला हसू आलं आणि लगेच रडूही.

पुण्यात मोबाईल ॲप बनवायच्या क्लासला जाऊ लागले. बी.कॉम. झालेली मी, कोडिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. एक कंस राहिला की स्क्रीनभर लाल एरर, आणि तो सापडेपर्यंत चहा गार. मी केलेलं पहिलं बटण दाबल्यावर चाललं, तेव्हा खोलीत एकटीच टाळ्या पिटल्या. मग सर म्हणाले, आता घरातली एखादी अडचण सोडवणारं ॲप करा. मला दुसरं काय सुचणार!

संक्रांतीपर्यंत ॲप झालं. कॉलोनीतल्या मराठी काकूंच्या मोबाईलमध्ये त्यांच्या मुलांनी ते बसवून दिलं. आईनं बटण दाबलं की घरोघरी घंटी वाजणार, करंड्याचं चित्र येणार, खाली 'हळदीकुंकवाला या'. त्या दिवशी इकडे माझ्या स्क्रीनवर एकेका नावापुढे बोलावणं पोचल्याची हिरवी खूण उमटत गेली. मी हवेत!

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. वाणाच्या वाट्या मांडल्या तशाच होत्या. शेजारची दीदी तेवढी येऊन गेली होती. "राहू दे वं," आई म्हणाली, "तुझं मशीन तर चांगलं चाललं." मला फार वाईट वाटलं. कोडमध्ये चूक शोधत बसले, पण कोड बरोबर होता.

पुढच्या वर्षी नव्या नोकरीत रजा टाकून गेले आणि करंडा घेऊन निघाले. पहिल्याच दारात कोपऱ्यावरच्या काकूंनी कुंकू लावून घेतलं आणि माझा हात धरूनच ठेवला. "मागच्या साली मोबाईल वाजला होता बाई. मले वाटलं, आधी कळवून राहिली, मागून पोट्टी येईनच बोलवाले. साडी नेसून बसली होती मी."

पुढच्या दारांतही हेच ऐकलं. संध्याकाळी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती.

तुम्हीही घर सोडून कुठं कुठं गेला असाल. माझ्यापुरतं घर म्हणजे आता त्या साडी नेसून बसलेल्या काकू. ॲप मी काढलं नाही, फक्त त्यातला मजकूर बदलला. दर संक्रांतीला पुण्याहून गाडी सुटली की मीच बटण दाबते, आणि चौबे कॉलोनीत घरोघरी घंटी वाजते : पोट्टी निघाली आहे.