कंपनीचा की भट्टीचा

त्याच्याबरोबर काम केलेले गवंडी त्याला ओळंबा म्हणत. एक तर तो कधी भिंतीला टेकून उभा राहिला नाही, आणि तोंडातून शब्द काढायचा तो आधी दोरी लावून बघितल्यासारखा. आयुष्यभर गिलावा केला. खांदा कामातून गेला तेव्हा थापी खाली ठेवली, आणि वर्ष उलटायच्या आत बायकोच्या तोंडाचं दुखणं निघालं.

ऑपरेशन झालं, मग जबड्याला किरणांचे शेक झाले. दुखणं गेलं असं डॉक्टर म्हणाले. जाताना ते तिच्या जिभेची चव घेऊन गेलं. आता नाकातून नळी होती आणि नळीतून पांढरं, पिठूळ असं काहीतरी पोटात जायचं. तिला पुन्हा गिळायला शिकवायला हॉस्पिटलातून एक बाई घरी यायच्या. त्यांचं नाव तिने पहिल्याच दिवशी पाडलं, गिळणाऱ्या बाई.

बाईंनी व्यायाम दिले होते. जीभ टाळूला लावा, दाबा, सोडा. ती करायची नाही.

"जिभेला काही कळतच नाही, तर गिळायचं कशाला?" ती म्हणायची. "नळीच बरी. भांडी तरी घासायला नकोत."

एक दिवस बाईंनी त्याला जिन्यात गाठलं. गिळायचे स्नायू असेच पडून राहिले तर ते कायमचे जातील, मग नळी पोटात बसवतील आणि ती तिथेच राहील, असं त्यांनी सांगितलं. "चव येईल का ते मी सांगू शकत नाही. पण त्यांनी मनावर घेतलं पाहिजे. आवडीचं काही खायला मिळणार म्हटलं तर घेतील. काय आवडायचं त्यांना?"

त्याला सांगता येईना. इतकी वर्षं ताटात पडलं ते खाल्लं, समोरच्या ताटात काय उरतं आणि काय संपतं याकडे कधी बघितलं नाही. शेवटी त्याने तिलाच विचारलं.

"पिझ्झा," ती म्हणाली. हॉस्पिटलात तिच्या खाटेसमोरच्या खिडकीतून पिझ्झाच्या एका मोठ्या कंपनीच्या दुकानाची लाल पाटी दिसायची. "ती पाटी बघत बघत शेक काढले मी. पण कंपनीचा नको. मुलीबरोबर एकदा खाल्लाय. ओला पुठ्ठा. तुम्ही चांगला शोधा. एकच घास मिळणार असेल तर तो फुकट नाही घालवायचा."

"मी काय शोधणार?"

"खायचं आणि येऊन सांगायचं. तुम्हाला दुसरं काम तरी काय आहे?"

अशी त्याला म्हातारपणी नोकरी लागली.

पहिल्या दिवशी तो येऊन म्हणाला, "बरा होता."

"बरा? मी नाकात नळी घालून बसलेय ती 'बरा' ऐकायला?"

मग त्याला जे बघता येत होतं ते त्याने सांगितलं. "कड एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक. सॉसचा थर सारखा नाही. मध्ये साचलाय, कडेला कोरडं. करणाऱ्याने घाईत हात मारलाय."

"अहो, हे पिझ्झ्याचं सांगताय की न्हाणीघराच्या भिंतीचं?"

ती हसली. हसलं की जबडा दुखायचा, म्हणून गालाला हात लावून हसली. त्यानंतर तो दर दोन-चार दिवसांनी बाहेर पडू लागला.

कंपन्यांची दुकानं त्याने आधी उरकली. पाट्या वेगळ्या, माल एकच. कड साच्यातून काढल्यासारखी, कुठे चूक नाही आणि कुठे कोणाचा हात लागलाय असंही नाही. चीज हातभर ताणतं आणि तोंडात गेल्यावर मीठ तेवढं उरतं. मग गल्लीबोळातली दुकानं. एकाचा सॉस चांगला, पण पीठ आत कच्चं. "ओल्या भिंतीला रंग दिलाय," तो तिला म्हणाला. दुसऱ्याने वर इतकं रचलं होतं की खालचं दिसेना. "झाकायचं असलं की माणूस थर वाढवतो."

"चव सांगा, चव," ती म्हणायची. "आंबट म्हणजे कशासारखं आंबट?"

तो विचार करून सांगायचा. एकदा मात्र त्याला जमलं नाही. दुकानात एकट्याने खायला बसला तेव्हा समोरची रिकामी खुर्ची दिसत राहिली. डबा तसाच दुकानाच्या रखवालदाराला देऊन तो घरी आला आणि मनानेच काहीतरी सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "आज खाल्लं नाही तुम्ही."

"कशावरून?"

"कडेचं काही बोलला नाहीत."

बस डेपोच्या मागे एका मावशींची लाकडावरची भट्टी होती, ती त्याला उशिरा सापडली. मावशी आदल्या संध्याकाळी पीठ मळून झाकून ठेवायच्या आणि सकाळपर्यंत त्याला हात लावायच्या नाहीत. तो उभ्यानेच बघत राहिला.

"बसा की. बघायचे पैसे घेत नाही मी," मावशी म्हणाल्या, "पण उजेडातून बाजूला व्हा."

त्या दिवशी घरी आल्यावर तो स्वतःहून बोलू लागला. "कड फुगलेली, हलकी, आतून पोकळ. बुडाला काळे ठिपके, पण करपल्याचा वास नाही, लाकडाचा धूर लागतो. सॉस आधी आंबट, मग मागून गोड."

"मागून गोड," ती म्हणाली. "परत सांगा."

त्याने परत सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तिने सांगायला लावलं, तिसऱ्याही. आणि न सांगता व्यायाम करू लागली. आधी पाणी जमलं, मग घट्ट केलेलं पाणी, मग चमचाभर गुळगुळीत काहीतरी. कशालाच चव नव्हती, पण ती तक्रार करत नव्हती. तक्रार त्या एका घासासाठी राखून ठेवली होती. बाईंनी दुपार ठरवून दिली. मऊ भाग, नखाएवढा, भरपूर चावून.

त्या दुपारी भट्टीचं दार बंद होतं. शेजारचा टायरवाला म्हणाला, "काल भट्टीची कमान खचली. मावशी गवंडी शोधतायत."

गवंडी समोरच उभा होता, पण त्याला वेळ नव्हता. घरी बाई येऊन बसल्या असणार. परत फिरला. वाटेत लाल पाटी लागली. आत गेला. बाहेर आला तेव्हा डबा काखेत दडवल्यासारखा धरला होता. जिन्याखालच्या कचरापेटीत डबा टाकला आणि पिझ्झा ताटलीत घेऊन वर चढला. तोंडात घालताक्षणी ती शिव्या घालेल, तेव्हा खरं सांगू, असं त्याने ठरवलं.

ती केस विंचरून, धुतलेला झगा घालून बसली होती. मांडीवर रुमाल अंथरला होता. त्याच्याकडे बघून म्हणाली, "किती वेळ? मावशींशी गप्पा मारत बसलात ना?"

त्याने ताटली बाईंपुढे ठेवली.

बाईंनी कड कापून बाजूला काढली, मधला मऊ तुकडा तिच्या जिभेवर ठेवला आणि बोटं गळ्याला लावून बघत राहिल्या. ती डोळे मिटून खूप वेळ चावत होती. मग घोट उतरला. ठसका लागला नाही. बाईंनी श्वास सोडला.

"काही कळतंय?"

तिने डोळे उघडले, ते आधी त्याच्याकडे वळले. "कळतंय हो," ती म्हणाली. "धूर लागतोय. लाकडाचा. आधी आंबट, मग मागून गोड."

बाईंनी तिचा हात दाबला. तो ताटलीकडे बघत राहिला.

"पुढच्या खेपेला कंपनीचाही आणा," ती त्याला म्हणाली. "फरक कळतो का बघू."

"आणतो."

जिन्यात बाई म्हणाल्या, "चव परत येतेय. मला एवढी आशा नव्हती." तो हो म्हणाला. परत आला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून व्यायाम करत होती. जीभ टाळूला लावायची, दाबायची, सोडायची. त्याने ताटली उचलली आणि स्वयंपाकघरात गेला. उरलेला पिझ्झा गार झाला होता. भिंतीला पाठ टेकून तो उभ्याने खाऊ लागला. मीठ तेवढं लागलं.

"अहो," तिने आतून विचारलं, "तुम्हाला कसा लागतोय?"

"तू म्हणालीस तसाच."

"आणि कड?"

बाईंनी कापून काढलेली कड ताटलीत होती. सगळीकडून एका मापाची.

"हलकी," तो म्हणाला. "आतून पोकळ."