साठ घरं आणि एक बैलजोडी

किराणा दुकानदारणीच्या कानावर सगळंच येतं. त्यात माझं दुकान शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यातल्या आमच्या ले-आऊटच्या, म्हणजे शेतात प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीच्या, तोंडाशीच. साखर मोजता मोजता इतके किस्से जमलेत की काही माझे मलाच खरे वाटत नाहीत.

महागावहून आलेल्या राठोड गुरुजींनी प्लॉट घेतला आणि हौसेनं आधी गेट बसवलं. भिंत नाही, घर नाही, नुसतं गेट. दर रविवारी नवरा-बायको यायचे, कुलूप उघडून आत जायचे, डबा खायचे आणि पुन्हा कुलूप लावून निघायचे. मी म्हटलं, "गुरुजी, बाजूनं तर मोकळंच आहे."

"असू द्या. आपल्या घरात बाजूनं कोण जाते?"

सीतारामकाकांची तर तऱ्हाच वेगळी. हा सगळा ले-आऊट म्हणजे त्यांचंच वावर. ते विकून कोपऱ्यात गोठा आणि एक बैलजोडी तेवढी ठेवली. कुठेही पाया खोदायला लागले की काका हजर. एका इंजिनिअरला म्हणाले, "सायेब, इथं पाणी साचते. आमची तूर दरसाल इथंच सडे." साहेबांनी नकाशा दाखवला. आता पावसाळाभर साहेबांची कार माझ्या दुकानासमोर मुक्कामाला असते.

बघता बघता साठ घरं झाली. कुठकुठची माणसं, पण एकमेकांना धरून आहेत. मला या वस्तीचं फार कौतुक आहे.

राजूरच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेले भगतसाहेब मात्र शेणाच्या वासानं वैतागले. गोठा हटवा, असा अर्जच दिला. काका भांडले नाहीत. "पोळा होऊ द्या, मंग इकतो," म्हणाले. माझ्याशी मात्र हळूच बोलले, "बैल गेले तं सकाळी उठू कायले वं बाई?" मला फार वाईट वाटलं.

पोळ्याला दारं साठ, जोडी एकच. प्रत्येकीला बैल आपल्या दारी हवे, प्रत्येकीची पुरणपोळी तयार. पंधराव्या घरी बैलांनी तोंड फिरवलं आणि नेमके भगतसाहेबांच्या गेटपुढे बसकण मारली. काका ओढताहेत, बैल हलेनात. साहेब बाहेर आले, बघत राहिले. मग आतून पाण्याची बादली आणली आणि पोर्चमधली गाडी उन्हात काढली. बैल संध्याकाळपर्यंत पोर्चमध्ये!

दुसऱ्या दिवशी व्यापारी टेम्पो घेऊन आला. दुकानाशी थांबून म्हणाला, "सीतारामकाका कुठं राह्यते? बैल न्याचे हायेत."

मी तोंड उघडणार, तोच दूध घ्यायला आलेले भगतसाहेब म्हणाले, "बैल? भाऊ, हे शहर होय. इथं कोण बैल ठेवून राह्यलं?"