राखेखालचा विस्तव

लेकीच्या परदेशातल्या घरात भिंतीत बसवलेली, काचेच्या दाराची लाकडाची शेगडी आहे. सगळं घर तिच्यावरच ऊबदार राहतं. जावई रोज सकाळी राख काढून टाकतो आणि नव्याने काडी ओढतो. आम्हाला एकमेकांची भाषा येत नाही, आम्ही नुसते हसतो.

काल जेवणं झाल्यावर मी निखाऱ्यांवर राख ओढून ठेवली. आई रोज ओढायची. सकाळी शेजारीण विस्तव मागायला आली तर तिला नाही म्हणावं लागू नये. इथे कोण येणार मागायला?

आज जावई राख भरायला बसला, तसा मी त्याचा हात धरला आणि राख बाजूला केली. खाली विस्तव लाल होता. त्याने हळूच फुंकर घातली, मग लेकीला काहीतरी म्हणाला.

"आई, तो विचारतोय, मला शिकवाल का?"

म्हणजे मागायला कुणीतरी आलंच.